कापसाची चाळण



कापसाच्या भावाचे सोडून आज चाळणीचे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण ही चाळण कापसातूनच निघते.

रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. १९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याचे रक्त धुतले, ते सेल्युलोजच्याच पातळ नळीतून फिरवून. पुढे १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोएब आणि भारतातून तिकडे गेलेले सौरीराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा केला. खारे पाणी दाबाने त्यातून ढकलले की मीठ मागे राहते. १९६५ साली तिथल्या कोलिंगा गावाला या पडद्यातले पाणी मिळू लागले. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या मायबहिणींना याचे मोल आम्ही काय सांगावे!

आता शास्त्रज्ञ या पडद्याला शहाणा करू पाहतात. सेल्युलोजवर एका पॉलिमरचे अतिसूक्ष्म केस चिकटवतात. पाणी ३२ अंश सेल्सियसपेक्षा थंड असले की केस पाणी पिऊन फुगतात, भोके बुजतात. त्यापेक्षा गरम झाले की केस आकसतात, भोके मोकळी होतात. दुसऱ्या जातीचे केस पाण्याची आम्लता ओळखतात. एकाच चाळणीतून बारीक आणि जाड वेगळे करता येते. वर केस फुगवून-आकसून बसलेला गाळही सुटतो.

हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतले आहे. घरातल्या आरओ यंत्रात आज पॉलिअमाइडचा पडदा असतो, कारण अॅसिटेटला जंतू खातात आणि अल्कधर्मी पाणी सोसत नाही. तेव्हा या चाळणीने उद्याच कापसाला सोन्याचा भाव येईल असे कोणी सांगितले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आमचे लक्ष सरकीवरच्या लवेवर आहे. तीही सेल्युलोजच. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत अतिसूक्ष्म सेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना २०१५ साली सुरू झाला, त्याचा कच्चा माल हीच लव. आणि आपल्याकडे बहुतेक सरकी लवेसकट घाण्यात जाते! लव तेल शोषून घेते आणि ढेपेत गडप होते. जिनिंगवाला कापसाचा भाव रुई आणि सरकी धरून काढतो. लवेचा हिशेब त्यात कुठेच नाही. लव विकली गेली तर तिचा पैसा कापसाच्या भावात दिसला पाहिजे, एवढेच आमचे मागणे.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या जिनिंगमध्ये विचारून या: सरकी कोणाला जाते, आणि लव काढायचे यंत्र कोणाकडे आहे.