दोन्हीकडचा मार



पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दुष्काळ अंगावर काढलेले तालुके. शिरूरला अमेरिकन मराठी मिशनच्या रेव्हरंड विन्सर यांनी मुलांच्या हाताला काम शिकवणारी उद्योगशाळा काढली. दौंड तालुक्यात केडगावला आल्या पंडिता रमाबाई. आज त्यांच्याबद्दलच बोलतो.

संकट म्हटलं की आपल्याला बाहेरचा वैरी दिसतो. रमाबाईंना आधी दुष्काळ भेटला. 1874 च्या सुमारास त्यात आईवडील गेले. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि दोन्हीकडून मार सुरू झाला. ज्या ख्रिस्ती भगिनींनी आसरा दिला त्यांनाच ही बाई हट्टी वाटू लागली. त्रैक्याबद्दल प्रश्न विचारते, चर्चचा अधिकार मुकाट्याने मानत नाही, मांसाला शिवत नाही! इकडे पुण्यात 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवर धर्मांतराचा आरोप झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते हा घाव दुष्काळापेक्षा खोल. दुष्काळाकडून कुणी मायेची अपेक्षा ठेवलेली नसते.

त्यांनी ख्रिस्तही सोडला नाही आणि प्रश्नही सोडले नाहीत. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर नेलं. तिथंच मुक्ती सदन वाढलं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चाललेलं असताना जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या.

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, असा दोन्हीकडचा मार तुम्हालाही बसेल. तुमच्यापैकी कुणाला रांजणगावच्या, कुरकुंभच्या कारखान्यात नेमकी रविवारी शिफ्ट लागेल, उपासना बुडेल. काही घरांना 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाची झळ ठाऊक आहे: ख्रिस्ती म्हणून नोंद झाली की अनुसूचित जातीची सवलत जाते. म्हणून कागदावर एक धर्म आणि देवळात दुसरा, असा मार्ग काहींनी काढला. त्यांच्याकडे बोट दाखवायला मी आलेलो नाही. पोरांची फी त्यांनाच भरायची होती. पण असा आदेश बदलावा म्हणून भांडणं हेही विश्वासूपणातच येतं, एवढं म्हणेन.

आणि आपली मंडळीही दुखवेल. जमिनींचे दावे, गटबाजी, ‘आमच्या चर्चचा, तुमच्या चर्चचा’. तेव्हा उठून जाऊ नका, गप्पही बसू नका. रमाबाईंचा इंग्लंडशी झालेला पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. इंग्रजीत आहे, पण तुम्ही आता पदवीधर आहात. नाती न तोडता आपल्याच माणसांना ‘नाही’ कसं म्हणायचं, ते त्यात पानोपानी सापडेल.