नैराश्याची गोळी : सुरू करताना आणि सोडताना

नैराश्यावर आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी औषधे एसएसआरआय गटातली आहेत : एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन. मेंदूतील पेशींनी सोडलेले सेरोटोनिन परत शोषले जाण्याची वाट ती अडवतात. ही वाट लगेच अडते, पण मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे जातात. त्रास आधी आणि गुण नंतर, या उलट्या क्रमामुळे पहिल्या पंधरवड्यातच अनेकांची गोळी सुटते.

शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते. त्यामुळे सुरुवातीला मळमळते, पोट बिघडते. डोंबिवलीहून सकाळची गच्च भरलेली लोकल पकडणाऱ्याला हा त्रास किरकोळ नसतो; गोळी जेवणानंतर घेतल्यास तो कमी होतो आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. कामेच्छा मंदावणे मात्र औषध चालू असेपर्यंत टिकू शकते. रुग्ण लाजेने ते सांगत नाही, घाईच्या ओपीडीत कोणी विचारतही नाही, आणि गोळी गुपचूप बंद होते. वृद्धांच्या रक्तातले सोडियम घसरून भ्रम होऊ शकतो. ॲस्पिरिन किंवा काही वेदनाशामक गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तरुणांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकी औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांसाठी दिलेला इशारा 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंत वाढवला.

नैराश्यावरील औषधांचा क्षयरोगाशी असलेला संबंध आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. नैराश्याच्या पहिल्या औषधांपैकी इप्रोनियाझिड हे मुळात क्षयाचे औषध. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कमधील क्षयरुग्ण ते घेऊन अनपेक्षितपणे उत्साही झाले होते. आज औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड देतात. ते एसएसआरआयबरोबर पडले, तर ताप, थरथर, घाम आणि संभ्रम असा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. म्हणून दोन दवाखान्यांचे कागद एका डॉक्टरांनी एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

गोळीची चटक लागत नाही, हे खरे. शरीर तिला सरावते, हेही तितकेच खरे. ती अचानक थांबली की दोन-चार दिवसांत गरगरणे, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे सुरू होऊ शकते. पॅरॉक्सेटिन आणि दुसऱ्या गटातले व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास जास्त. फ्लुऑक्सेटिन आठवडे रेंगाळते, म्हणून कमी. 2024 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या एकत्रित विश्लेषणात औषध सोडणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांना लक्षणे आढळली, नुसती साखरेची गोळी सोडणाऱ्यांतही हे प्रमाण 17 टक्के होते. तीव्र त्रास साधारण 3 टक्क्यांना. म्हणजे भीती अवाजवी, पण दुर्लक्षही चुकीचे.

गणपतीला कोकणात गेल्यावर गोळ्या घरीच राहतात. मार्च 2020 मध्ये करोनामुळे लोकल बंद झाल्या, तेव्हा नेहमीचा दवाखानाच हाताबाहेर गेला. असा खंड पडल्यावर होणारा त्रास ‘आजार उलटला’ म्हणून पाहिला जातो. फरक ओळखता येतो : गोळी सोडल्याचा त्रास काही दिवसांत येतो, गरगर आणि झटके हे त्याचे खास लक्षण, आणि गोळी पुन्हा घेताच तो लवकर शमतो. आजार बहुधा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू परततो.

मात्रा उतरवण्याचे गणित सरळ नाही. एसएसआरआय गटातल्याच सिटॅलोप्रॅमच्या 20 मिलिग्रॅमने सेरोटोनिनची सुमारे 80 टक्के वाट अडते; 5 मिलिग्रॅमनेही सुमारे 60 टक्के. त्यामुळे 20 वरून 5 वर येणे सोपे, 5 वरून शून्यावर येणे अवघड. शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश हव्यात. दिवसाआड गोळी घेण्याची घरगुती युक्ती बहुतेक औषधांत चुकीची, कारण रक्तातील मात्रा रोज वर-खाली होते. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत राहणे आणि एके दिवशी मनानेच थांबणे, दोन्ही सारखेच धोक्याचे.

मात्रा ठरवण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञाचे. 1901 पासून असलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखल होण्याची गरज नसणाऱ्यांनाही तिथे जाता येते. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो.