शिक्षक निवडणुकीस उभा राहतो तेव्हा

(गगनबावडा येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शिक्षण आणि समाज’ असा विषय छापला आहे. त्यावर बोलण्याची तयारी करून मी आलो होतो. परंतु काल रात्री एका ठरावाचा मसुदा माझ्या हाती आला, आणि ती तयारी मी बाजूस ठेवली. आपल्यातील एक शिक्षकबंधू विधिमंडळाच्या निवडणुकीस उभे राहण्याच्या विचारात आहेत. तेव्हा ‘सर्व ज्ञातिबांधवांनी आपली मते त्यांनाच द्यावीत’ असे आवाहन मंडळाने करावे व ते आपल्या वार्षिक अंकात छापावे, असा तो ठराव आहे.

मी या ठरावास विरोध करणार आहे. ते गृहस्थ समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मी त्यांना त्यांच्या विद्यार्थिदशेपासून ओळखतो, आणि आपल्यातून कोणी विधिमंडळात जावे असे मला वाटत असेल, तर ते यांनीच. म्हणूनच हा विरोध त्यांच्या पाठीमागे न करता त्यांच्यासमक्ष करीत आहे.

प्रथम हे समजून घेऊ, की शिक्षकास विधिमंडळात जाण्याची दारे दोन आहेत. एक विधानसभेचे. गगनबावडा तालुका करवीर मतदारसंघात मोडतो, आणि तेथे शेतकरी, मजूर, व्यापारी सर्वांचीच मते मागावी लागतात. दुसरे दार विधान परिषदेचे. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने परिषदेतील काही जागा शिक्षकांच्या मतांसाठी ठेविल्या आहेत. आपल्या परिषदेच्या ७८ जागांपैकी अशा जागा ७ आहेत. पुणे विभागाच्या जागेत पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. २०२० च्या डिसेंबरात या जागेवर आपल्या कोल्हापूरचे प्रा. जयंत आसगावकर निवडून आले, हे आपणांस स्मरत असेल. आपले बंधू याच दाराकडे पाहत आहेत. म्हणजे चंदगडापासून जुन्नरापर्यंत आणि या बावड्यापासून अक्कलकोटापर्यंत त्यांना हिंडावे लागणार.

आता माझी एक विनंती आहे. त्या मतदारसंघात ज्यांचे मत आहे, त्यांनी कृपया हात वर करावेत.

पाहा, एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके हात वर आले! ज्या आवाहनासाठी काल मध्यरात्रीपर्यंत चर्चा झाली, ते ज्यांना करावयाचे, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणासही तेथे मतच नाही. त्या यादीत नाव येण्यास गेल्या ६ वर्षांत निदान ३ वर्षे माध्यमिक अथवा त्यावरील संस्थेत अध्यापन केलेले असावे लागते. जुनी यादी पुढे चालत नाही. दर निवडणुकीस नव्याने अर्ज भरावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक शिक्षकांची नावे राहून जातात.

येथे मला थोडे थांबणे प्राप्त आहे. प्राथमिक शिक्षकास या यादीत स्थान नाही. आषाढात वाट निसरडी झाली असता वाडीवरच्या शाळेत चढून जाणारे गुरुजी, धनगरवाड्यावरील चार मुलांना अक्षरे गिरवावयास लावणाऱ्या बाई, ही शिक्षकांच्या मतदारसंघात शिक्षक ठरत नाहीत. मतदार याद्यांचे काम मात्र बहुधा त्यांच्याच हातून होते. शिवाय जिल्हा परिषदेचे सेवक असल्यामुळे नोकरी सोडल्यावाचून त्यांना कोणत्याही दाराने उभे राहता येत नाही. उलटपक्षी, पदवीधर मतदारसंघातील उमेदवार स्वतः पदवीधर असावाच असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली दिला. त्याच न्यायाने, ज्याने जन्मात खडू हाती धरला नाही असा मनुष्यही शिक्षकांचा उमेदवार होऊ शकतो! आपल्या बंधूंकडून मला एक वचन हवे आहे. ज्यांना मत नाही त्या गुरुजींच्या शाळांविषयीही त्यांनी तेथे बोलावे. वीसहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे घाटले गेले ते २०२३ साली. तशी शाळा दूर गेली, तर डोंगरातील लहान मुलगी पावसाळ्यात तेथपर्यंत कशी पोचणार? हा प्रश्न या तालुक्याइतका कोणास कळेल?

आता मूळ ठरावाकडे वळतो. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने जातीच्या आधारावर मते मागणे हा भ्रष्टाचार ठरविला आहे. जात उमेदवाराचीच नव्हे, तर मतदाराची असली तरीही तो भ्रष्टाचारच, असे २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले. असे आवाहन उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कोणी केले, तरी निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. आज त्यांचा अर्ज दाखल झालेला नाही, ही गोष्ट खरी. परंतु छापील अंक घरोघर राहतो. तो प्रचाराच्या दिवसांत हातोहात फिरला, आणि सभेत हे स्वतः उपस्थित होते व गप्प होते असे कोणी दाखविले, तर आपण प्रेमाने घातलेली माळ त्यांच्या गळ्यास फास होईल.

कायदा क्षणभर बाजूस ठेवू. कोल्हापुरात ज्ञातींच्या संस्था कशासाठी उभ्या राहिल्या? शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना हात दिला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. खेड्यातील पोरास शहरात राहावयास जागा मिळावी व त्याने शिकावे, हा तेव्हाचा हेतू. मतांची मोजदाद हा नव्हे.

शिक्षकी पेशातून विधिमंडळात गेलेले आपल्याकडील मोठे नाव प्रा. एन. डी. पाटील यांचे. १९५४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ते शिकवीत होते. १९५७ साली ते मुंबईच्या गिरणी कामगारांत गेले, आणि त्यानंतर १९६० मध्ये विधान परिषदेत. तेथे ते एकूण १८ वर्षे होते. १९८५ साली कोल्हापुरातून विधानसभेवरही निवडून आले. वर्ग आणि विधिमंडळ यांच्या मधली ती गिरणगावातील वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. आपल्या बंधूंजवळ मधली अशी वर्षे आहेत काय, हे त्यांनी स्वतःस विचारावे. मला वाटते, आहेत. पगार अडकलेल्या किती शिक्षकांची कागदपत्रे घेऊन ते कोल्हापुरास गेले, हे येथील पुष्कळांस ठाऊक आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. विधानसभेच्या उमेदवारास खर्चाची मर्यादा असते. परिषदेच्या उमेदवारास तशी मर्यादा नाही. शिक्षकाच्या पगारावर घर चालविणाऱ्यास याचा अर्थ काय होतो, ते घरातील वहिनींना विचारावे. मंडळाच्या निधीतून प्रचारास एक पैसाही देता येणार नाही. तो पैसा मुलांच्या शिक्षणासाठी जमविलेला आहे.

मग आपण काही करावयाचेच नाही काय? करावयाचे आहे. तो ठराव मागे घ्यावा. ज्यांचे हात वर आले त्यांनी, आणि ज्यांच्या घरी माध्यमिक शिक्षक आहेत त्यांनी, शिक्षक कोणत्याही समाजाचा असो, त्याचे नाव यादीत आले की नाही एवढे पाहावे. मत कोणास द्यावयाचे ते त्याचे तो ठरवील. मत आकड्यांत, पसंतीच्या क्रमाने व केंद्रावर मिळालेल्या लेखणीनेच नोंदवावयाचे असते, हेही सांगावे. बरोबरची खूण करून शिकलेली माणसे आपली मते बाद करतात.

आणि ते प्रचारास हिंडत असता त्यांच्या दहावीच्या वर्गाचे गणित कोणी घ्यावयाचे? मी निवृत्त आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिल्यास सोमवारी व गुरुवारी सकाळच्या एस. टी.ने मी येईन. उरलेल्या दिवसांसाठी आणखी दोघे निवृत्त शिक्षक या सभेतूनच हवे आहेत. आपली नावे चहापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत.