हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली, असं नाही

मी वडोदऱ्याला राहतो. अठ्ठावीस वर्षं दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. आधी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर यायचे, आता रोज चार्जर येतात. इलेक्ट्रिक सायकलचे, स्कूटरचे, फवारणीच्या पंपाचे. आणि प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "चार्जर गेलाय."

आज आपण हेच समजून घेणार आहोत, की चार्जर गेलाय हे ठरवायचं कसं. त्यासाठी एक साधा मल्टीमीटर पुरतो. पण मीटरवरचा आकडा वाचता येणं वेगळं आणि त्याचा अर्थ लागणं वेगळं. एका मुलाची गोष्ट सांगतो, म्हणजे सगळं त्यात येईल.

हा मुलगा आमच्याच गल्लीच्या मागे राहतो. इलेक्ट्रिक सायकलवर घरोघरी जेवणाचे डबे पोचवतो. एका दुपारी बॅटरी आणि दोन चार्जर घेऊन आला. दोन कशाला? तर जुना चार्जर लावला की पाच मिनिटांत हिरवा दिवा लागायचा आणि सायकल मात्र थोडं अंतर जाऊन बंद पडायची. कोणीतरी सांगितलं चार्जर बदल, म्हणून त्याने १४०० रुपये देऊन नवा घेतला. नव्यावरही तेच. मला म्हणाला, "काका, हाही डुप्लिकेट निघाला."

मी म्हटलं, अरे थांब, आधी मोजू या.

मोजण्याआधी मीटर नीट लावून घ्या. काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात. चकती डीसी व्होल्टवर, म्हणजे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते तिथे, २०० च्या आकड्यावर. लाल वायर चुकून अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब बॅटरीला लावले, तर तो सरळ शॉर्ट होतो. ठिणगी उडते, मीटर जळतो, कधी हात भाजतो. आणखी एक. मीटरमधली बॅटरी उतरली असेल तर तो बहुतेक वेळा जास्त आकडा दाखवतो. म्हणून आधी घड्याळाच्या नव्या सेलवर तपासा. १.५ ते १.६ दिसलं, तर मीटरवर विश्वास ठेवा.

आता पहिला प्रश्न. आकडा किती यायला हवा? हे माहीत नसेल तर मोजून उपयोग नाही.

लिथियम आयनच्या एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ ते ३.७ असतो आणि पूर्ण भरला की ४.२. सायकलची '४८ व्होल्टची' बॅटरी म्हणजे बहुधा असे तेरा गट एकापुढे एक जोडलेले. तेरा गुणिले ४.२ किती? ५४.६. म्हणून चार्जरवर आउटपुट ५४.६ लिहिलेलं असतं. ३६ व्होल्टची बॅटरी दहा गटांची, तिचा चार्जर ४२ व्होल्टचा.

पण दुसरी एक जात आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचा सेल ३.६५ ला भरतो. सोळा गटांच्या बॅटरीला चार्जर लागतो ५८.४ चा. तिच्यावरही दुकानदार '४८ व्होल्ट'च म्हणतात. हा ५८.४ चा चार्जर पिन बसते म्हणून आपल्या तेरा गटांच्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला जवळजवळ ४.५ येतात. जुन्या लेड ॲसिड बॅटरीच्या चार्जरचंही तसंच. तेव्हा पिन बसली म्हणून चार्जर चालतो असं समजू नका. बॅटरीवरचं लेबल आणि चार्जरवरचं लेबल शेजारी ठेवून वाचा.

मुलाच्या दोन्ही चार्जरवर ५४.६ लिहिलेलं होतं. बॅटरी न जोडता मोजलं. जुना ५४.५, नवा ५४.६. दोन्ही ठीक.

इथे थोडा फरक चालतो. ५३ दिसले तर बॅटरी थोडी कमी भरेल, धोका नाही. पण ५५ च्या वर गेला तर तो चार्जर बाजूला ठेवा. लिथियमला कमी चालतं, जास्त चालत नाही. आणि शून्य दिसला तर? आधी भिंतीतला सॉकेट दुसऱ्या वस्तूवर तपासा, मग वायर हलवून बघा, पिनपाशी ती आतून तुटते. तरीही शून्य असेल तर घाईने निकाल देऊ नका. काही चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय आउटपुट सोडतच नाहीत. आणि कृपा करून चार्जर उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. ते काम सवयीच्या माणसाचं.

आता बॅटरी. मोटरला जाणाऱ्या तोंडाशी मोजलं. ४६.८. मुलगा म्हणाला, "बघा ना, आत्ताच चार्ज करून आणलीय." मी म्हटलं, मग हा आकडा ५४ च्या आसपास हवा होता. ४६.८ भागिले तेरा म्हणजे ३.६. ही बॅटरी भरलेलीच नाही.

मग हिरवा दिवा का लागला? हे नीट लक्षात घ्या, आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे.

चार्जरला बॅटरी किती भरली ते दिसत नाही. त्याला फक्त आपल्यातून करंट किती जातोय ते कळतं. सुरुवातीला तो ठरावीक करंट देतो, बॅटरीचा व्होल्टेज हळूहळू चढतो. ५४.६ ला पोचला की व्होल्टेज तिथेच धरतो आणि करंट कमी होत जातो. करंट अगदी थोडा उरला की लाल दिवा जाऊन हिरवा लागतो. म्हणजे हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच, की करंट जात नाहीये. बॅटरी भरली म्हणून जात नसेल, वायर तुटली म्हणून जात नसेल किंवा आतून कोणी दार लावलं म्हणून जात नसेल. तिन्ही वेळा दिवा हिरवाच.

हे वेगळं कसं ओळखायचं? चार्जर जोडलेला असताना मोजायचं. निम्मी रिकामी बॅटरी करंट घेत असेल, तर चार्जरचा व्होल्टेज ती खाली ओढते. ४६.८ ची बॅटरी जोडली की चार्जरच्या तोंडाशी ४७-४८ दिसायला हवेत आणि तिथून तो सावकाश चढायला हवा. मी चार्जर जोडला. चार्जिंगच्या पिनवर लगेच ५४.६. आणि मोटरच्या तोंडाशी? तेच ४६.८. एकाच बॅटरीच्या दोन तोंडांवर दोन आकडे. म्हणजे मधलं दार बंद आहे. चार्जर निर्दोष.

घरी जोडलेल्या पिनवर प्रोब लावायला जमत नाही, हट्टही करू नका, प्रोब घसरला की शॉर्ट. त्याऐवजी मोटरच्या तोंडाशी एकदा मोजा, अर्धा तास चार्ज करा, पुन्हा मोजा. आकडा वाढला तर करंट जातोय. तसाच राहिला तर जात नाही. एवढं पुरतं.

हे दार म्हणजे बीएमएस, बॅटरीच्या आत बसवलेली राखणदार पट्टी. ती तेराही गटांवर स्वतंत्र लक्ष ठेवते. एक जरी गट ४.२ च्या फार वर गेला तर चार्जिंग तोडते. एक जरी फार खाली गेला तर मोटर तोडते.

मी पॅक उघडला. आत बावन्न सेल, चार-चारचे तेरा गट. एकेक गट मोजला. बारा गट ३.५५ च्या आसपास. एक गट ४.१९. बेरीज करा, ४६.८ येते. तो एक गट थकलेला होता. थकलेला गट लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. चार्जर लावला की पाच मिनिटांत तो मर्यादेला जाई, राखणदार दार लावी, बाकीचे बारा उपाशी. आणि रस्त्यावर तोच पहिला संपे, म्हणून सायकल बंद. बाहेरून मोजलेल्या ४६.८ मध्ये हे काहीच दिसत नव्हतं. एकूण आकडा ठीकठाक दिसतो, म्हणजे आतला प्रत्येक गट ठीक आहे असं होत नाही.

मुलाला हे समजावलं. तो म्हणाला, "काका, मग ते बीएमएस काढून डायरेक्ट जोडून द्या. संध्याकाळची ड्युटी आहे. दिवस बुडला तर पैसे बुडतात."

मंडळी, हे काम दहा मिनिटांचं आहे. एक तार जोडायची. बॅटरी चार्ज झाली असती, मुलगा खूश होऊन गेला असता. आणि ही तार मी एकदा जोडलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पीकरच्या तीन सेलच्या पॅकला. गिऱ्हाईक घाईत होतं आणि मलाही वाटलं, चार्जर १२.६ वर थांबतोच, काय होणार? चार्जर एकूण १२.६ वर थांबतो, पण त्यातला कोणता सेल कुठे गेलाय ते त्याला कळत नाही. एक कमजोर सेल ४.२ च्या बराच पुढे गेला. मी चहा प्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर फुसफुस आवाज आणि दुकानभर धूर. स्टुलासकट तो पॅक फुटपाथवर ढकलला, म्हणून दुकान वाचलं. चूक पूर्ण माझी होती.

तो स्पीकर होता, तीन सेल. इथे बावन्न. मी मुलाला विचारलं, "रात्री चार्जिंगला कुठे लावतोस?" म्हणाला, "खोलीतच, दारापाशी. तिथेच एक सॉकेट आहे." एक खोली, आत आई आणि धाकटी बहीण झोपलेली, आणि बाहेर पडायच्या एकुलत्या दारात बॅटरी.

मी तार जोडली नाही. तो चिडला. "तुम्हाला जमत नाही असं सांगा ना," म्हणाला आणि पॅक उचलून निघाला. मी मागे जाऊन एवढंच म्हटलं की हा पॅक आज घरात चार्ज करू नकोस आणि दुसरीकडे कोणी डायरेक्ट करून देतो म्हणाला तर देऊ नकोस. दोन दिवसांनी परत आला. एकाने करून देतो म्हटलं होतं, पण आईने नको म्हणून सांगितलं. मग पॅक बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने तो गट काढून त्याच जातीचे, त्याच क्षमतेचे सेल स्पॉट वेल्डिंगने बसवले, सगळे गट एका पातळीवर आणले, बीएमएस तसंच ठेवलं. पूर्ण चार्जनंतर मोजलं, ५४.४. प्रत्येक गट ४.१८ ते ४.१९. नवा चार्जर त्याने दुकानदाराला परत करून पाहिला, घेतला नाही. मोजायच्या आधी खर्च केलेले ते १४०० रुपये गेलेच.

आता घरी काय करायचं ते सांगतो.

लेबलं जुळवा. चार्जर एकटा मोजा. बॅटरी मोटरच्या तोंडाशी मोजा, अर्धा तास चार्ज करून पुन्हा मोजा. आकडे तारखेसकट वहीत लिहा, म्हणजे दुरुस्तीवाल्याचं अर्धं काम होतं. पॅक स्वतः उघडू नका.

कितीतरी महिने रिकामी पडलेली बॅटरी, जिच्यात सेलमागे दोन व्होल्टही उरलेले नाहीत, ती जबरदस्तीने जागी करू नका. इतक्या खाली गेल्यावर सेलच्या आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. फुगलेली, गळणारी, चार्जिंगला नको तितकी तापणारी बॅटरी लगेच बंद करा. कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, विक्रेत्याकडे विचारा.

चार्जिंग दारात आणि जिन्यात नको, गादीवर नको, सगळे झोपलेले असताना नको. धूर दिसला तर बॅटरी वाचवायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा. मी पॅक ढकलला ते नशीब होतं, तुम्ही तसं करू नका.

तो मुलगा आता बॅटरी संध्याकाळी पाच ते आठ माझ्या दुकानात चार्जिंगला लावतो. न्यायला आला की आधी स्वतः मीटर लावतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहितो. काल ५४.३ होता.

तुमच्या घरातला आकडा मोजून बघा.