बादलीतला समुद्र

धारवाडहून बेळगावकडे निघाले की महामार्गालगत बेलूरचा औद्योगिक परिसर लागतो. तेथून कारवारचा किनारा सह्याद्रीपलीकडे, रस्त्याने दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांना मिळते ते मलप्रभेचे गोडे पाणी. अशा ठिकाणी कोणा हौशी कुटुंबाला नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले समुद्री मासे घरी पाळावेसे वाटले, तर माशांआधी पाण्याचा प्रश्न उभा राहतो. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्र त्याच्या दाराशीच होता. बेलूरच्या रहिवाशाला मात्र समुद्र घरीच तयार करावा लागतो.

पुष्कळांची समजूत अशी की, स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात विरघळवले म्हणजे काम झाले. ही समजूत माशांच्या जिवावर बेतते. तिच्यातील उणीव कळण्यासाठी गोकर्णाजवळील सानिकट्ट्यासारख्या मिठागरांत काय घडते ते पाहावे. तेथे समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवतात. आटताना प्रथम चुन्याचे क्षार तळाशी बसतात. मग मिठाचे खडे धरू लागतात. आणि शेवटी जे कडवट पाणी उरते, त्यात मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार राहून जातात. आपल्या डब्यात येते ते केवळ मधले पीक.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील जवळजवळ ८५ टक्के भाग क्लोराइड व सोडियम यांचा. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व इतर द्रव्ये येतात. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. खुल्या समुद्राचा खारेपणा कोठे कमी, कोठे अधिक असला, तरी प्रमुख क्षारांचे परस्परांशी प्रमाण जवळपास सारखेच असते. माशांची शरीरे याच प्रमाणाला सरावलेली आहेत. समुद्री माशाच्या रक्तातील खारेपणा भोवतालच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश असतो. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे व मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकतो. हा व्यवहार त्याला क्षणभरही थांबवता येत नाही. म्हणून पाण्याचे प्रमाण एकाएकी बिघडले की मासा खचतो.

हे पाणी करावे कसे? बाजारात मत्स्यालयासाठी तयार क्षारमिश्रण मिळते; तेच घ्यावे. पाणी क्षाररहित हवे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक ठरते. घरातल्या आरओ यंत्राचे पाणी चालते. मात्र काही यंत्रे चवीसाठी मूळ पाणी थोडे मिसळतात, तेव्हा टीडीएस मोजून पाहावा. साबण न लागलेले एक पिंप केवळ याच कामासाठी ठेवावे. त्यात आधी पाणी भरावे, मग मिश्रण थोडेथोडे सोडावे. क्षारांवर पाणी ओतल्यास तळाचे द्रावण फार तीव्र होते आणि चुना पांढरा साका होऊन बसतो. तो मग सहजी विरघळत नाही. लहान पंपाने पाणी एक दिवस खेळते ठेवावे. शंभर लिटरांना हिशेबाने साडेतीन किलो क्षार लागतात. परंतु मिश्रणात ओलावा असल्याने वजन थोडे अधिक भरते. म्हणून शेवटचा शब्द मापकाचा. २५ अंश सेल्सियसला सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६ यावी. मासे असलेल्या टाकीत कोरडे मिश्रण कधीही टाकू नये.

श्रोतेहो, याच्या पुढचा नियम सोपा, पण विसरण्याजोगा आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत टाकीतील पाणी भराभर उडते. उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. ती घट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरावी. खारे पाणी घातले तर टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते.

पाणी तयार झाले म्हणजे ते जिवंत झाले असे नाही. १८५४ साली लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल केले. त्यानेही आधी त्यात समुद्रशेवाळ सोडले आणि सुमारे आठवडाभर थांबून मगच प्राणी सोडले. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे सूक्ष्मजंतू टाकीत रुजण्यास काही आठवडे लागतात, हे आज आपण जाणतो. तेवढा धीर धरावा. मासे घेताना मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले मागावेत. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, ते घेऊ नयेत.

खऱ्या समुद्रात पाऊस पडतो, ऊन तापते, नद्या मिळतात, तरी त्याच्या अफाट विस्तारामुळे हे प्रमाण टिकते. शंभर लिटरांच्या टाकीला तो विस्तार नाही. तेथे प्रमाण राखण्याची जबाबदारी घरच्या माणसाची असते, सणावारी आणि सुट्टीतसुद्धा. ती घेण्याची तयारी असेल, तरच मासे आणावेत.