वार्ताहराच्या पेट्रोलचे पैसे



वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यात, प्राध्यापक, संशोधक आणि पत्रकारांच्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. तलाव, धान, पितळेची भांडी आणि कोसा ही आमच्या जिल्ह्याची ओळख. दोन दिवसांत ती आपल्याला होईलच, म्हणून स्थळवर्णनात वेळ घालवत नाही. प्रसारमाध्यमांची मालकी आणि नियंत्रण हा विषय भंडाऱ्यातच मांडला जावा, असा आमच्या समितीचा आग्रह होता. त्याचं कारण मात्र सांगितलंच पाहिजे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना, म्हणजे आई, मुलगी आणि दोन मुलांना, गावातल्या जमावानं ठार मारलं. तीन दिवसांनी दसरा होता. धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष म्हणून नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमली होती आणि पत्रकारांचा ताफाही तिथेच होता. खैरलांजी तिथून काही तासांच्या अंतरावर. तरीही हे जातीय हत्याकांड आहे, असं ठळकपणे छापून यायला जवळजवळ महिना गेला. सुरुवातीला आल्या त्या गुन्हेवार्ता, आणि त्यांत अनैतिक संबंधांची कहाणी. शेताचा वाद, साक्ष दिल्याचा राग आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली जात लोकांपुढे आली ती सत्यशोधन समित्यांच्या अहवालांतून आणि हातोहात फिरलेल्या पत्रकांतून. नोव्हेंबरात माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे कॅमेरे वळले.

कोण्या मालकानं मुंबईहून फोन करून ही बातमी दाबायला लावली असेल, असं मला वाटत नाही. तशी गरजच पडली नाही. मित्रहो, आपल्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न मला इथे दिसतो. मिलिबँडसारखे अभ्यासक माध्यमांच्या मागे मालकवर्गाचा हात दाखवतात. बहुविधतावादी म्हणतात, मालक कोणीही असो, वाचकाला हवं तेच बाजारात टिकतं. या दोन्ही मांडण्या घेऊन मी खैरलांजीचा तो महिना समजून घ्यायला बसतो, तेव्हा त्या अपुऱ्या पडतात. ग्राम्शी जवळचा वाटतो, कारण हुकमाशिवाय चालणाऱ्या सत्तेबद्दल तो बोलतो. हर्मन आणि चॉम्स्की यांनी १९८८ साली बातमीला लागणाऱ्या पाच चाळण्या सांगितल्या. त्यांतली अधिकृत सूत्रांची चाळणी आमच्याकडे पोलीस ठाण्याच्या पायरीवरच सुरू होते. आणि एक चाळणी त्यांच्या यादीत नाही, ती म्हणजे जात. त्याच २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय माध्यमांतल्या ३१५ वरिष्ठ पदांची पाहणी केली. त्यांना एकही दलित किंवा आदिवासी माणूस सापडला नाही.

बाबासाहेबांना हे फार आधी कळलं होतं. १९२० साली 'मूकनायक' निघालं तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही 'केसरी' तयार झाला नाही. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर ते पत्र उभं राहिलं. पुढे 'बहिष्कृत भारत', मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. दर वेळी नव्यानं पैसा उभा करायचा आणि नव्यानं सुरुवात करायची. १९५४ साली ते याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले.

आता आजच्या तालुक्याकडे या. माझा व्यवसाय छापखान्याचा, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असतं. लाखांदूर किंवा साकोलीचा वार्ताहर सकाळी स्वतःच्या गाडीत स्वतःच्या पैशानं पेट्रोल टाकतो. पंचायत समिती, पोलीस ठाणं, धान खरेदी केंद्र असा फेरा मारतो आणि मोबाइलवरूनच बातमी टाइप करून पाठवतो. पगार बहुतेकांना नाही, मानधन असलं तर नावापुरतं. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस, एवढे त्याचे सुगीचे दिवस. जाहिरात द्यायची सरपंचानं, सभापतीनं, राइस मिलवाल्यानं, कंत्राटदारानं. बिल थकलं की वसुलीला यानंच जायचं. बंधाऱ्याच्या कामात सिमेंट कमी पडल्याची बातमी त्यानं त्याच कंत्राटदाराविरुद्ध कशी लिहावी? जिल्ह्याच्या साप्ताहिकांचं दुखणं निराळं. त्यांचा जीव शासनमान्य यादीत आणि सरकारी जाहिरातीत अडकलेला.

म्हणून माझी विनंती आहे की मालकीचा अभ्यास करताना भागधारकांच्या यादीबरोबर या पेट्रोलचे पैसे कोण देतं, तेही तपासा. वरची यादी महत्त्वाची आहेच. २०१४ साली नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेलं, २०२२ अखेर एनडीटीव्ही अदानींकडे. आपल्या मराठीतल्या कितीतरी मोठ्या दैनिकांची घराणी आणि राजकारणातली घराणी एकच आहेत, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

कायद्यानं हे आवरायचा प्रयत्न झाला नाही, असं नाही. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगानं १९५४ साली सुचवलं की पानं आणि किंमत यांचं प्रमाण ठरवून द्यावं, म्हणजे भांडवलदार पत्रं स्वस्तात जाडजूड अंक विकून लहान पत्रांना संपवणार नाहीत. १९५६ साली तसा कायदा झाला. त्याविरुद्ध न्यायालयात गेला तो पुण्याचा 'सकाळ', आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केला. सरकारनं वृत्तपत्राची पानं मोजू नयेत, हे मलाही पटतं. पण लहान पत्रानं जगायचं कसं, हा राजाध्यक्षांचा प्रश्न त्या निकालानं सुटला नाही. २०१४ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, राजकीय पक्षांना माध्यमांच्या मालकीपासून दूर ठेवण्याची शिफारस केली, तीही कागदावरच राहिली.

मालकीवर असा लगाम नसल्याचं फळ त्याआधीच, २००९च्या विधानसभा निवडणुकीत, महाराष्ट्रानं पाहिलं होतं. एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत एकच मजकूर बातमी म्हणून शब्दशः छापून आला. पी. साईनाथ यांनी तो उजेडात आणला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांवर, म्हणजे पेड न्यूजवर, सविस्तर अहवाल लिहिला, पण कौन्सिलनं तो पूर्ण प्रसिद्ध करायचं टाळलं. माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ साली, तो लोकांना वाचायला मिळाला.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे आमच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांच्या गाड्या इथे उभ्या होत्या. काही दिवसांनी त्या गेल्या. त्या घरांची विचारपूस आणि चौकशीचा पाठपुरावा पुढे ज्यांनी केला, त्यांत आमचे हेच बिनपगारी वार्ताहर होते. त्यांच्याबद्दल मी वर जे बोललो, ते त्यांना कमी लेखण्यासाठी नव्हे. मला त्यांचा अभिमान आहे आणि त्यांची काळजीही वाटते.

उद्या सकाळच्या सत्रात सातही तालुक्यांतले काही वार्ताहर आपला जमाखर्च आपल्यापुढे मांडणार आहेत. मानधन किती, कमिशन किती, थकबाकी किती, कुठली बातमी पाठवली आणि ती का छापली नाही, असं सगळं. त्यांनी हे मोठ्या विश्वासानं कबूल केलं आहे. संशोधक मित्रांनी कृपया त्या सत्राचं ध्वनिमुद्रण करू नये, आणि निबंधात कोणाचं नाव, गाव किंवा दैनिक येऊ देऊ नये. परवापासून त्यांना पुन्हा त्याच कार्यालयांत जायचं आहे.