वाडीवरची तीन वर्षे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'निवृत्तीनंतरचा आनंद' हा विषय दिला आहे. भाषणाची आम्हाला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या. चाळीत आमची छत्तीस वर्षे गेली. तीन वर्षांपूर्वी बिऱ्हाड आवरून आम्ही मंडणगड तालुक्यातल्या आमच्या वाडीवर राहायला गेलो. तेव्हा इथल्याच काही मंडळींनी तोंडावर विचारले होते, "बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही परत तिथंच चाललात?"

प्रश्न खोटा नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याची जी हजेरी घेतली, ती आपण वाचली आहे. आमच्या आजोबांनी खोताचा काळ पाहिला. ती खोती मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. तेव्हा खेडं म्हणजे हिरवी शेतं आणि पाखरांची गाणी, असं आमच्याच्यानं म्हणवत नाही. वाडी आजही गावाच्या कडेलाच आहे. पण आजोबांना तिथे दुसऱ्याच्या हुकमाने राबावे लागले, आणि आम्ही पेन्शन खिशात घेऊन आमच्या मर्जीने गेलो. हा फरक बाबासाहेबांनीच घडवला आहे.

पहिले वर्ष मात्र वाईट गेले. संध्याकाळी सातला सगळी वाडी चिडीचूप. निम्म्या घरांना कुलपं, उरलेल्या घरांत म्हातारी माणसं. आमची जमीन सात गुंठे. मे महिन्यात पालापाचोळा नि शेण पसरून राब भाजायचा, पाऊस पडला की त्यात भात पेरायचा, रोपं वीतभर वाढली की उपटून लावणी करायची, हे लहानपणी बघितले होते. करताना कंबर बोलू लागली. परसात पडवळाचा मांडव घातला, तर वानरांनी एका सकाळी सगळा ओरबाडला. त्या दिवशी आम्ही मुंबईची गाडी धरणारच होतो. पण भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ टाकला, तो फारसं काही न करता आला, आणि पहिल्या पिठल्याच्या वासाने आमचा मुक्काम वाढला.

गोधडीचं खूळ आमच्या मंडळींचं. जुन्या लुगड्यांचं गाठोडं त्यांनी पडवीत सोडलं, नि शेजारच्या चौघीजणी आपापल्या सुया घेऊन आल्या. वर-खाली धड लुगडं, मध्ये विरलेले कपडे, आणि कडेपासून धावदोरा घालत फेऱ्या मारत आत जायचं. कापड सुतीच पाहिजे. हल्लीच्या गुळगुळीत साड्या सुईखालून सरकतात आणि ऊबही देत नाहीत. बघून बघून आम्हीही सुई हातात घेतली. पुरुष टाके घालतो म्हणून पोरं हसली. हसू देत. बाबासाहेबांनी कामाच्या एवढ्या रगाड्यात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं; मग आम्हाला सुई शिकायला लाज कसली?

टाके घालता घालता माणसं बोलतात. तिथेच कळलं की एका काकींचे निराधाराचे पैसे पाच महिने थांबले आहेत. हयातीचा दाखला द्यायचा, तर यंत्र त्यांच्या बोटांचे ठसे घेईना. आयुष्यभर लावणी, कोयता, दगड-माती. बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या. समोर जिवंत बसलेल्या बाईला पुन्हा पुन्हा परत यावं लागत होतं. आम्ही त्यांना घेऊन चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला एका तरुण मुलाने बुबुळं टिपणारं यंत्र शोधून आणलं आणि काम दहा मिनिटांत झालं. पैसे जमा झाले त्या दिवशी काकी शेरभर कुळीथ घेऊन दारात. आमच्याच शेतात कुळीथ असताना! पण नको म्हणायची हिंमत झाली नाही.

मग वही केली. वाडीतल्या अकरा म्हाताऱ्या माणसांची नावं, कुणाचा दाखला केव्हा, कुणाचं पासबुक कुठं अडलंय. त्यातल्या एका आजोबांचं काम आम्ही लावणीच्या गडबडीत "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून टाकलं. पुढचा आठवडा त्यांना मिळाला नाही. ते नाव आम्ही खोडलेलं नाही. विषय आनंदाचा आहे, पण हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं बरं वाटेना.

मुलगा अजून दर रविवारी फोनवर "परत या" म्हणतो. नातीला मात्र मे महिना कधी येतो असं होतं. तिला राबाचा धूर आवडतो. कुणाचं काय!

येताना एक गोधडी आणली आहे, विहाराच्या श्रामणेर शिबिरासाठी. घाईत तिचा एक कोपरा टाचायचा राहिला. कार्यक्रम झाल्यावर ज्यांना सुई धरता येते त्यांनी पुढे यावं. दोरा आमच्याकडे आहे. जयभीम.